ओली किराईत : परसबागेतील लागवड, अभिवृद्धी आणि वैद्याची जबाबदारी
(हमरापूर, ता. पेण, जि. रायगड)

प्रास्ताविक

चिनी वैद्यकातील औषधी वनस्पतींविषयी अलीकडे रुग्णांकडून बरीच विचारणा होते. वृत्तपत्रांतून, दूरचित्रवाणीवरून अथवा परदेशी असलेल्या मुलाबाळांकडून एखादे चिनी नाव कानी पडते आणि ‘वैद्यराज, हे रोप आपल्याकडे मिळेल का?’ असा प्रश्न येतो. यांपैकी एका वनस्पतीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. चिनी वैद्यकात तिला ‘छुआन-शिन-लियेन’ म्हणजे ‘हृदय भेदणारे कमळ’ असे भारदस्त नाव आहे. ‘यी-जियेन-शी’, म्हणजे ‘पाहताच आनंद देणारी’, असेही तिचे एक लोकनाव आहे. ही वनस्पती आणण्यासाठी चीनपर्यंत जावे लागत नाही. कोकणातील जुन्या घरांच्या परसात, तुळशीवृंदावनाच्या आडोशाला, न्हाणीच्या पाण्यावर वाढणारी आपली ओली किराईत ती हीच.

या वनस्पतीचे मूळ स्थान भारत व श्रीलंका हे आहे. दक्षिण चीनमधील औषधसंग्रहात तिची नोंद १९३२ साली झाली, आणि ग्वांगदोंग व फूजियान प्रांतांत तिची मोठी लागवड १९५० नंतरची आहे. म्हणजे ज्या द्रव्याकडे आपला रुग्ण ‘चिनी औषध’ म्हणून कुतूहलाने पाहतो ते आपल्याच अंगणातून तिकडे गेलेले आहे. तिकडे मात्र त्याचे प्रमाण, संग्रहकाल आणि परीक्षा यांचे नियम अधिकृत औषधसंहितेत बांधले गेले. आपल्याकडे ‘कडू आहे म्हणजे तापावर चालते’ एवढ्यावरच बहुतेकांचे समाधान असते. हे अंतर भरून काढण्याचा मार्ग परसातील वाफ्यापासून सुरू होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नामविचार व संदिग्धता

लागवडीकडे वळण्यापूर्वी नावाचा घोळ सोडविणे अगत्याचे आहे, कारण रोगी आणि वैद्य दोघेही या घोळात सापडतात. ‘किराईत’ या एका शब्दाने आपल्याकडे दोन भिन्न कुळांतील वनस्पती ओळखल्या जातात.

पहिली काडेकिराईत अथवा काडेचिराईत. हीच ग्रंथोक्त किराततिक्त होय. वनस्पतिशास्त्रात तिला स्वर्शिया चिरायिता म्हणतात. ती हिमालयात सुमारे १२०० ते ३००० मीटर उंचीवर होते. महासुदर्शन चूर्णात सर्व द्रव्यांच्या एकूण भाराच्या निम्म्याने घ्यावयाची ती हीच.

दुसरी ओली किराईत अथवा हिरवी किराईत. हिंदी व बंगालीत ती कालमेघ, तमिळमध्ये निलवेम्बु आणि वनस्पतिशास्त्रात अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा. हिचे कुळ अडुळशाचे. ‘यवतिक्ता’ हे तिचे संस्कृत नाव मानले जाते. फळ जवासारखे, दोन्ही टोकांस निमुळते असल्यामुळे ते अन्वर्थक वाटते.

‘भूनिंब’ हा शब्द भावप्रकाशात किराततिक्ताचा पर्याय म्हणून आला आहे. दक्षिणेत मात्र भूनिंब म्हटले की कालमेघच घेतला जातो, कारण ‘निलवेम्बु’ या शब्दाचा अर्थच ‘जमिनीवरचा कडुनिंब’ असा आहे. हिमालयातील किराततिक्ताची बेसुमार खुडणी झाल्याने ती दुर्मीळ व महाग झाली, आणि बाजारात तिच्या जागी किंवा तिच्यात मिसळून कालमेघ येऊ लागला. दोन्ही द्रव्ये तिक्त व ज्वरघ्न आहेत, तरी दोहोंची घटकद्रव्ये निराळी आहेत. कालमेघातील मुख्य कडू घटक अँड्रोग्राफोलाइड होय. त्याचे वर्णन गोर्टर यांनी १९११ साली केले. तो किराततिक्तात नसतो. किराततिक्ताचा कडूपणा अमारोजेन्टिनसारख्या घटकांमुळे असतो. म्हणून योगात एकाच्या जागी दुसरे घेतले तर तसे स्पष्ट लिहावे. नकळत झालेली अदलाबदल ही चिकित्सा ठरत नाही.

वाळलेल्या मालाची परीक्षा सोपी आहे. किराततिक्ताचे खोड तपकिरी ते जांभळट, खालच्या भागात गोल, आणि मोडल्यास आत पिवळसर, सलग व रुंद गर दिसतो. कालमेघाचे खोड सर्वत्र चौकोनी, वाळल्यावरही हिरवट राहते आणि त्यासोबत पानांचा चुरा पुष्कळ असतो.

स्वरूपपरिचय

ओली किराईत ही दीड ते तीन फूट उंचीची, ताठ, पुष्कळ फांद्यांची वर्षायु वनस्पती आहे. खोड चौधारी, पाने समोरासमोर, भाल्याच्या आकाराची, गडद हिरवी, दोन्ही बाजूंस गुळगुळीत. फुले लहान, पांढरी, दोन ओठांची व खालच्या ओठावर जांभळट ठिपके असलेली, फांद्यांच्या शेवटी विरळ तुऱ्यांत येतात. फळ अरुंद, सुमारे दोन सेंटिमीटर लांब. सर्वांगास तीव्र कडवट रुची, ती जिभेवर बराच वेळ रेंगाळते. पावसाळ्यात हिच्याभोवती याच कुळातील अनेक तणे उगवतात. तेव्हा चौकोनी खोड, कडू रुची आणि फूल या तिन्ही खुणा जुळल्याशिवाय रोपाला किराईत म्हणू नये.

गुणकर्म : दोन शास्त्रांची दृष्टी

द्रव्यगुणाच्या पाठ्यग्रंथांत कालमेघ तिक्त रसाचा, लघु-रूक्ष, कटुविपाकी, कफपित्तशामक, दीपन, यकृदुत्तेजक, ज्वरघ्न व कृमिघ्न सांगितला आहे. वीर्याविषयी एकमत नाही. काही ठिकाणी उष्ण तर काही ठिकाणी शीत असे दिले जाते. चिनी वैद्यकात तो कडू व शीत मानतात. उष्णता व विष दूर करणारा, रक्त थंड करणारा आणि शोथ उतरविणारा असे त्याचे वर्णन असून घशाची सूज, कफयुक्त खोकला, जुलाब व मूत्रदाह यांत तो योजतात. परिभाषा वेगळी असली तरी पित्तप्रधान, सशोथ अवस्थेत त्याची योजना करावी यावर दोन्ही शास्त्रांचे मतैक्य दिसते.

निषेधाच्या बाबतीतही असेच साम्य आहे. जठराग्नी दुर्बल व प्रकृती थंड असलेल्यास तो दीर्घकाळ देऊ नये, असे चिनी वैद्य सांगतात. तिक्त रसाच्या अतियोगाने धातुशोष, कृशता, बलहानी, भ्रम व वातविकार होतात, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात सांगून ठेवले आहे. ‘रोज सकाळी अनशापोटी किराईत घेतो, रक्तशुद्धी होते’ असे वर्षानुवर्षे करणाऱ्या कृश, वातप्रकृती रुग्णास वैद्याने म्हणूनच थांबविले पाहिजे.

परसबागेतील लागवड

पेण परिसरात पावसाचे मान तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आहे. खाडीकडच्या खार जमिनीत ही वनस्पती नीट होत नाही. घराभोवतीची मुरमाड, निचऱ्याची, सेंद्रिय खत घातलेली माती तिला मानवते. हलकी सावली चालते, मात्र साचलेले पाणी अजिबात चालत नाही. आपल्याकडे रोप मरण्याचे प्रमुख कारण दुष्काळ नसून जुलैमधील पाणथळ हे आहे.

बियाणे : बी बारीक, पिवळट तपकिरी, मोहरीहून लहान असते. ताजे बी लगेच उगवत नाही. त्यास सुमारे पाच ते सहा महिन्यांची सुप्तावस्था असते. डिसेंबरात गोळा केलेले बी जानेवारीत पेरून ‘उगवत नाही’ म्हणून फेकून देण्याचा प्रकार नेहमी घडतो. तेच बी मे महिन्याच्या अखेरीस पेरल्यास चांगले उगवते.

रोपवाटिका : भाताच्या राबाची आणि किराईतीच्या रोपवाटिकेची वेळ एकच, ही गोष्ट शेतकरी रुग्णास सांगितली की निराळे पंचांग सांगावे लागत नाही. रोहिणी नक्षत्रात, मेच्या अखेरीस, बी रात्रभर पाण्यात भिजवावे. पाट्यात, खोक्यात अथवा लहान गादीवाफ्यावर माती, वाळू व चाळलेले शेणखत समभाग मिसळून भरावे. बी बारीक वाळूत मिसळून ओळीने पेरावे व वर मातीचा केवळ पातळ थर द्यावा. बी खोल गेल्यास उगवण होत नाही. पेंढ्याने झाकून झारीने पाणी शिंपडावे. आठ ते पंधरा दिवसांत अंकुर दिसतात. ते दिसताच पेंढा काढावा आणि मुसळधार सरींपासून वाफ्यावर आडोसा करावा.

पुनर्लागवड : तीस ते चाळीस दिवसांत रोप चार-सहा पानांचे व सुमारे दहा सेंटिमीटर उंच होते. भाताची लावणी आटोपत असताना, जुलैच्या पूर्वार्धात, उघडीप पाहून सायंकाळी रोपे लावावीत. जमिनीपासून पंधरा ते वीस सेंटिमीटर उंच गादीवाफा करून दोन ओळींत ३० व दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. कुंडीत लावावयाचे असल्यास आठ इंची कुंडीत एकच रोप लावावे व तळाच्या छिद्रावर खापरीचे तुकडे ठेवावेत.

निगा : शेणखत अथवा गांडूळखत आणि थोडी निंबोळी पेंड पुरेशी होते. पहिला महिनाभर तण काढणे महत्त्वाचे. पुढे रोपे एकमेकांस भिडून तणास वाव देत नाहीत. किडीचा उपद्रव सहसा होत नाही. रासायनिक फवारणी सर्वथा वर्ज्य, कारण हे द्रव्य पंचांगासह पोटात जाणार आहे.

जागेची निवड : हमरापूर, जोहे, तांबडशेत या गावांत घरोघरी गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. जून ते ऑगस्ट हा मूर्तींच्या रंगकामाचा ऐन हंगाम, आणि किराईतीच्या वाढीचाही तोच काळ. काही रंगद्रव्यांत जड धातू असू शकतात, आणि वनस्पती ते मातीतून शोषून घेतात. म्हणून रंगाची भांडी व ब्रश धुतलेले पाणी जेथे मुरते, प्लास्टरची भुकटी जेथे उडून बसते, तेथे वाफा करू नये. महामार्गालगतची जागाही टाळावी. आंगणात जागा नसल्यास घराच्या मागील बाजूस कुंड्या ठेवाव्यात व त्यांत बाहेरून आणलेली स्वच्छ माती भरावी. औषधाची शुद्धता कुटून वस्त्रगाळ करण्याच्या वेळी साधावयाची नसते. ती जागा निवडतानाच साधावी लागते.

अभिवृद्धीचे अन्य प्रकार

मुख्य अभिवृद्धी बियांपासूनच करावी. तथापि एखादेच रोप हाती असेल तर पावसाळ्यात दोन उपाय करता येतात. पहिला छाट कलमाचा. न फुललेल्या फांदीचे तीन-चार पेरांचे तुकडे घेऊन खालची पाने काढावीत, दोन पेरे ओल्या वाळूत पुरून सावलीत ठेवावीत. साधारण दोन ते तीन आठवड्यांत मुळे फुटतात. दुसरा दाब कलमाचा. जमिनीलगतची फांदी वाकवून एका पेरावर ओली माती व दगड ठेवावा. पेरास मुळे फुटल्यावर फांदी मातृरोपापासून तोडून अलग लावावी. असे रोपही वर्षायुच असते. म्हणून दोन-तीन रोपे बियांसाठी राखणे कोणत्याही प्रकारात चुकवू नये.

बी जमविण्यात एक अडचण आहे. फळ पक्व होताच उन्हाने तडकते आणि बी दूर उडते. फळांचा रंग हिरव्यावरून पिवळसर तपकिरी होऊ लागताच, सकाळी दव असताना, फांद्या कापून सुती पिशवीत उलट्या टांगाव्यात. फळे पिशवीतच तडकतात व बी तळाशी जमते. ते वाळवून कागदी पाकिटात ठेवावे व त्यावर वर्ष अवश्य लिहावे.

संग्रहण व साठवण

लागवडीइतकाच संग्रहकाल महत्त्वाचा आहे. अँड्रोग्राफोलाइडचे प्रमाण पानांत सर्वाधिक, खोडात त्याहून पुष्कळ कमी असते, आणि फुलोऱ्याच्या आरंभी ते उच्चांकावर असते. पुनर्लागवडीनंतर ९० ते १२० दिवसांनी, म्हणजे आपल्याकडे बहुधा ऑक्टोबरात, पहिली फुले दिसताच जमिनीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर वरून रोपे कापावीत. फळे धरल्यावर पाने गळू लागतात व हाती उरते ते मुख्यतः खोड. चीनच्या औषधसंहितेत या द्रव्यात पानांचे प्रमाण शेकडा ३० हून कमी नसावे असा नियम आहे. आपल्या बाजारातील काड्यांच्या जुड्या या कसोटीवर घासून पाहाव्यात.

कापलेली रोपे स्वच्छ पाण्याने धुऊन, पाणी निथळवून, हवेशीर सावलीत पातळ पसरावीत. पाचसहा दिवसांत काडी कटकन मोडू लागली की वाळणे पूर्ण झाले. पावसाची सर आल्यास माल ढिगात ठेवू नये. त्यास वाफ धरून तो काळा पडतो व बुरशी येते. असा माल टाकून द्यावा. वाळलेली किराईत हिरवट राहिली पाहिजे. ती काचेच्या अथवा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीच्या उष्णतेपासून दूर ठेवावी व वर्षभरात संपवावी.

घरास किती रोपे पुरतात? चांगल्या मशागतीत हेक्टरी दोन ते साडेतीन टन वाळलेले पंचांग मिळते. ३० बाय १५ सेंटिमीटर अंतराने हेक्टरी सुमारे दोन लाख वीस हजार रोपे बसतात. म्हणजे एका रोपापासून साधारण १० ते १५ ग्रॅम माल मिळतो. प्रौढ रुग्णास दिवसाला ६ ग्रॅम प्रमाणे पाच दिवसांस ३० ग्रॅम, अर्थात दोन ते तीन रोपे लागतात. वीस रोपांचा एक वाफा संपूर्ण कुटुंबाच्या वर्षाच्या गरजेस पुरून उरतो.

मात्रा, निषेध व एक गंभीर सूचना

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथात ज्वरासाठी ३ ग्रॅम भरडीचा काढा दिवसातून दोन वेळा अशी मात्रा दिली आहे. चिनी औषधसंहितेत दिवसाला ६ ते ९ ग्रॅम आहे. व्यवहारात ३ ग्रॅम भरड दोन कप पाण्यात उकळून अर्धा कप उरवावी, आणि वैद्याच्या देखरेखीखाली पाच दिवसांपर्यंतच द्यावी.

गर्भिणी, गर्भधारणेची इच्छा असणारी स्त्री, स्तन्यदा व लहान बालके यांस देऊ नये. रक्त पातळ ठेवणारी, रक्तदाबाची, मधुमेहाची तसेच प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेल्यांना विचारपूर्वकच द्यावे. क्वचित अंगावर पित्त उठणे, सूज येणे व तीव्र असात्म्यता हे प्रकार होतात. ऑस्ट्रेलियातील औषध-नियामक संस्थेने याविषयी इशारा दिलेला आहे. असे घडल्यास औषध तत्काळ थांबवून रुग्णास रुग्णालयात न्यावे.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहिण्याचे प्रयोजन झाले तो मुद्दा. तरुणज्वरात लंघन, स्वेदन, काल, यवागू व तिक्त रस ही पाचने सांगितली आहेत, त्यामुळे ज्वराच्या आरंभी तिक्त द्रव्य देणे शास्त्रसंमतच आहे. परंतु घरच्या परसात किराईत आली की ताप आल्यावर चार दिवस काढा पिऊन वाट पाहण्याची वृत्तीही घरात येते. आपला जिल्हा पावसाळ्यात हिवताप, डेंग्यू व लेप्टोस्पायरोसिस या तिन्हींचा आहे. भातखाचरात अनवाणी उतरणाऱ्या शेतकऱ्यास ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात व तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते. घरचे लोक ‘कावीळ आहे, किराईत चांगली’ म्हणून काढ्याची मात्रा वाढवितात, आणि तोवर मूत्रपिंडे निकामी होऊ लागलेली असतात. लेप्टोस्पायरोसिसमध्ये प्रतिजैविके पहिल्या दिवसांत मिळणे यावर प्राण अवलंबून असतात. किराईतीने हिवतापाचे परजीवी निश्चितपणे नष्ट होतात असे मानण्यासही आधार नाही.

म्हणून रोप देताना रुग्णास पुढील नियम लिहून द्यावा : पावसाळ्यात ताप आल्यास काढा घेतला तरी त्याच दिवशी रक्त तपासावे. डोळे लाल, पोटऱ्यांत तीव्र वेदना, कावीळ, लघवी कमी होणे, रक्तस्राव, पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या अथवा ग्लानी यांपैकी एकही लक्षण असल्यास काढा बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

आपल्या द्रव्याची स्तुती करतानाही हीच सावधगिरी हवी. कोविडच्या साथीत थायलंडने सौम्य रुग्णांसाठी ही वनस्पती वापरली. परंतु तिच्या बाजूने मांडलेला एक अभ्यास २०२१ च्या ऑगस्टमध्ये संख्याशास्त्रीय चुकीमुळे खुद्द लेखकांनीच मागे घेतला. चिनी वैद्यकातून आलेल्या आर्टेमिसिनिन या हिवतापाच्या औषधासाठी तू यूयू यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामागे वनस्पतीची अचूक ओळख, संस्काराची योग्य पद्धत आणि कठोर परीक्षण ही तीन अंगे होती. उकळून केलेला काढा तेथे उपयोगी पडला नव्हता. कमी तापमानात अर्क काढल्यावरच गुण दिसला. द्रव्य एकच, परंतु संस्काराने फळ बदलते, हा संस्काराचा सिद्धांत आपल्याला नवा नाही.

समारोप

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना २००० साली झाली, आणि लागवडीस प्राधान्य द्यावयाच्या वनस्पतींत कालमेघाचा समावेश झाला. मोठ्या शेतीचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला असला तरी परसबागेचे कार्य वैद्यानेच करावयाचे आहे. प्रत्येक सभासद वैद्याने दवाखान्याच्या आवारात वीस रोपांचा एक वाफा करावा. २०२५ पासून आयुर्वेद दिन २३ सप्टेंबर रोजी साजरा होतो. त्या सुमारास रोपे भरात व फुलोऱ्याच्या उंबरठ्यावर असतात. त्या दिवशी रुग्णांना वाफ्यापाशी नेऊन चौकोनी खोड दाखवावे, पान चाखवावे, काडेकिराईत व ओली किराईत शेजारी ठेवून भेद समजावून द्यावा. डिसेंबरात बी वाटावे. पाकिटाच्या एका बाजूस पेरणीची वेळ व दुसऱ्या बाजूस तापाच्या धोक्याची लक्षणे छापलेली असावीत. बी आणि सूचना या दोन्ही गोष्टी एकत्रच रुग्णाच्या घरी पोहोचल्या पाहिजेत.